वेठ, सेवा आणि गावाचा अधिकार



'लोकसहभाग' हा शब्द आज आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतो की, त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाला सुचत नाही. रस्ता झाडावयाचा असो, झाडे लावावयाची असोत, की ओढ्यावर बंधारा घालावयाचा असो, फलकावर हा शब्द असतोच. शब्द नवा आहे. गोष्ट मात्र जुनी आहे, आणि जुनी असल्यामुळे तिला इतिहास आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. त्याचे मुख्य ठिकाण फार दूर नाही; ते आपले जामखेडच आहे. त्याच्या जोडीला जपानातील काही हकिगती मी सांगणार आहे. विंचरणेच्या काठी जे प्रश्न उभे राहिले, तेच प्रश्न त्या देशातील खेड्यांतही उभे राहिले होते, आणि दोन ठिकाणची उत्तरे शेजारी ठेवली म्हणजे आपले उत्तर अधिक स्पष्ट दिसते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पुष्कळ हात एकत्र आले एवढ्याने सेवा होत नाही. तेच टोपले, तीच माती, तोच घाम. पण एके ठिकाणी ती वेठ असते आणि दुसऱ्या ठिकाणी ती सेवा असते. काम कोणते करावयाचे हे कोणी ठरविले, काम करणाऱ्याला कोणी निवडले, आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा होती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे वेठ कोणती आणि सेवा कोणती हे कळते.

आपल्या गावगाड्यात ही दोन्ही शेजारीशेजारी नांदत होती. ज्याची नांगरट अडली त्याच्या शेतावर शेजारी आपापली औते घेऊन जात आणि धनी त्यांना जेऊ घाली. याला आपण इर्जिक म्हणतो. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या, ही सावड. वर्गणी काढून देऊळ बांधणे, दिंडीच्या मुक्कामाला भाकरी पुरविणे, हेही त्याच जातीचे. याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी घाट आणि विहिरी बांधल्या त्या राज्यकर्तीच्या दानधर्मातून. परंतु गावोगावची लहानसहान कामे झाली ती लोकांच्या परस्परांच्या देण्याघेण्यातून.

पण याच गावगाड्याचे दुसरे अंग होते वेठबिगारीचे. अंमलदार गावात आला की त्याचे ओझे वाहणे, सरपण आणणे, घोड्याला वैरण घालणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री पाच कोस जाणे, ही कामे ठराविक माणसांच्या माथी बसत. महार वतनाच्या नावाखाली एका समाजाचे सारे आयुष्य या कामाला बांधले गेले होते. जमिनीचा लहानसा तुकडा आणि बलुत्याची चार पायली ज्वारी यांच्या बदल्यात त्याने कोणत्याही घटकेला, कोणत्याही कामाला 'नाही' म्हणावयाचे नाही, असा तो करार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, त्यामागे हीच वेदना होती. ही वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा 'गावाच्या कामाला या' ही हाक सर्वांच्या कानांना सारखी गोड लागत नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांच्या आजोबांनी ती हाक पिढ्यान्‌पिढ्या जुलूम म्हणून ऐकली, त्यांना तीत सेवेचा सूर ऐकू यावा यासाठी काही वेगळे घडावे लागते.

जपानचा वारसाही असाच दुहेरी आहे. तेथील खेड्यांत आपल्या सावडीसारखी 'युई' नावाची रीत होती. लावणीला किंवा घराचे गवती छप्पर शाकारावयाला सारे गाव लोटे. पण १९४० साली, युद्धाच्या काळात, तेथील गृहखात्याने एक आदेश काढला आणि साधारणतः दहा-दहा घरांचे शेजारगट सक्तीने बांधले. त्यांना 'तोनारिगुमी' म्हणत. शिधावाटप, आगीपासून बचाव, युद्धकर्जाची वसुली, आणि शेजारी काय बोलतो यावर नजर, ही सारी कामे त्या गटांकडे आली. वरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढा हा लोकसहभाग! प्रत्येक घर कामाला लागलेले, कोणी मागे राहिलेले नाही. परंतु ज्याला मागे राहण्याची मुभाच नाही, त्याच्या पुढे येण्याला काय अर्थ? १९४७ साली हे गट रद्द करण्यात आले.

आश्चर्य असे की, त्याच देशात, त्याच युद्धाच्या राखेतून, अगदी वेगळ्या तऱ्हेची दोन कामे उभी राहिली. दोन्ही नागानो या डोंगराळ प्रांतातली. पहिले ताकाहो नावाच्या खेड्यातले. तेथील आरोग्यसेविका एकटीच घरोघर वणवण करीत होती. तिची ओढाताण पाहून १९४५ साली गावातल्या गृहिणी तिच्या मदतीला धावल्या. त्यांतून गृहिणींनी ठराविक मुदतीपुरते आरोग्याचे काम शिकावे आणि शेजारणींना शिकवावे, अशी प्रथा रूढ झाली. पुढे ती प्रांतभर पसरली. बहुधा दोन वर्षांची पाळी असते. पाळी संपली की दुसरी येते. त्यामुळे शिकलेल्या स्त्रियांची संख्या वर्षानुवर्षे वाढत जाते आणि ज्ञान एका जागी साचत नाही.

दुसरे काम डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी यांचे. युद्धकाळात आपल्या विचारांपायी तुरुंगवास भोगून हे शल्यविशारद १९४५ साली उसुदा गावच्या साकू रुग्णालयात आले. हे रुग्णालय शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे होते. रुग्णालयात बसून रोग्याची वाट पाहण्याऐवजी ते आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊ लागले, आणि आरोग्याची गोष्ट सांगण्यासाठी त्यांनी नाटके बसविली. व्याख्यानाला न येणारा शेतकरी नाटकाला येतो, हे आपल्याकडच्या तमासगीरांना आणि कीर्तनकारांना कोणी शिकवावयाला नको. १९५९ साली याचिहो या गावात त्यांनी सबंध गावाची वार्षिक तपासणी सुरू केली. प्रत्येकाची आरोग्यवही ठेवली, आणि गावातूनच आरोग्य-कार्यकर्ते निवडून त्यांच्या हाती ते काम दिले. एके काळी नागानोत पक्षाघाताने मरणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. लोणच्यांतून आणि रश्शांतून पोटात जाणारे मीठ हे त्याचे एक मोठे कारण. घरोघरच्या स्वयंपाकात मीठ कमी करण्याचे काम सरकारी हुकुमाने झाले नसते. ते शेजारणींनी शेजारणींच्या चुलीपाशी जाऊन केले. २०१० सालच्या गणनेत नागानोचे पुरुष आणि स्त्रिया, दोन्ही, दीर्घायुष्यात साऱ्या जपानात पहिले आले. वाकात्सुकींना १९७६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि तीनच वर्षांनी, १९७९ साली, तोच पुरस्कार जामखेडच्या एका दांपत्याला मिळाला. आता आपण घरी आलो.

डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र, जन्म १९३४ चा. डॉ. मेबल आरोळे या जबलपूरच्या. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला एकत्र झाले. १९६० साली ती दोघे विवाहबद्ध झाली. जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जो रोगी आज बरा होऊन घरी जातो, तोच काही महिन्यांनी त्याच रोगाने पुन्हा दारात उभा राहतो. कारण त्याच्या घरचे पाणी, त्याच्या ताटातली भाकरी आणि त्याच्या बायकोची अवस्था यांत काहीच फरक पडलेला नसतो. नंतर अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून, १९७० साली ती दोघे जामखेडला आली आणि समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आरंभ झाला.

१९७० सालचे जामखेड डोळ्यांपुढे आणा. पर्जन्यछायेतला तालुका, बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सरहद्दीवरचा, एके काळी निजामाच्या मुलखाला खेटून असलेला. कोणत्याही राजधानीपासून लांब, आणि म्हणून साऱ्यांच्याच विस्मरणात पडलेला. गावच्या प्रमुख मंडळींनी या डॉक्टरांना बोलाविले, जनावरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली, राहण्याची सोय केली, आणि निरनिराळ्या गटांच्या लोकांची एक सल्लागार समिती बनविली. आरंभ असा झाला, ही बाब मी महत्त्वाची मानतो. डॉक्टर आले ते गावाने बोलाविले म्हणून आले; गाव त्यांच्या यादीतला एक आकडा नव्हता.

त्या वेळी प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. हा प्रकल्पाने स्वतः १९७१ साली मोजलेला आकडा आहे. आपल्या आजी-आत्यांच्या पिढीत प्रत्येक घराला एखाद्या न वाढलेल्या बाळाची आठवण होती, ती याच आकड्याची घरगुती बाजू होय.

डॉक्टरांना आरोग्याचे काम करावयाचे होते. गावकऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, आधी पाणी आणि अन्न. येथे पहिली कसोटी लागली. आपली योजना पुढे रेटावयाची, की लोकांचे म्हणणे ऐकावयाचे? त्यांनी लोकांचे ऐकले. पुढे १९७२-७३ चा तो भीषण दुष्काळ आला. ज्यांचे वय आज साठ-पासष्टच्या पुढे आहे, त्यांना खडी फोडणाऱ्या आयाबाया आठवत असतील. लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली; धान्य बाहेरून आले, परंतु सरपण, भांडी आणि हात गावाचे. एका चुलीवर शिजलेले सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीला बसून खाल्ले. त्याच काळात खोल कूपनलिका खोदल्या गेल्या आणि हातपंप बसले.

या कूपनलिकांची हकिगत जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. गावाच्या सल्ल्याने जागा ठरविली असती तर पंप कोठे बसला असता? पाटलाच्या वाड्यापाशी किंवा देवळापुढे. आरोळे दांपत्याने लिहून ठेवले आहे की, पाण्याची जागा शोधणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी दलित वस्तीत जागा शोधावयाला सांगितले. तहानेपुढे सोवळे टिकत नाही. वरच्या आळीच्या बायका घागरी घेऊन खालच्या आळीला जाऊ लागल्या. आता माझ्या तीन प्रश्नांना हे उदाहरण थोडे अडचणीचे आहे, हे मी मान्य करतो. ही जागा गावाने ठरविली नव्हती; ती डॉक्टरांनी ठरविली. मग हे लोकसहभागाच्या विरुद्ध झाले काय?

मला वाटते, या हकिगतीने चौथा प्रश्न पुढे आणला: गाव म्हणजे कोण? चावडीवर बसणारे म्हणजे गाव, अशी समजूत घेऊन आपण चाललो, तर 'गावाने ठरविले' या शब्दांचा अर्थ 'चारचौघांनी ठरविले' एवढाच उरतो. ज्यांनी कधीच चावडीची पायरी चढली नव्हती, त्यांना आधी गावात मोजून घ्यावे लागते. मगच गावाच्या मताला किंमत येते. जामखेडच्या प्रयोगाचे खरे सामर्थ्य, माझ्या मते, याच मोजून घेण्यात होते. म्हणूनच तरुणांची मंडळे उभी करताना आरंभ व्याख्यानाने झाला नाही, व्हॉलीबॉलने झाला. संध्याकाळी निरनिराळ्या जातींची पोरे एका जाळ्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. चेंडूला जात नसते. त्यातून तरुण शेतकरी मंडळे निघाली. त्यांनी लसटोचणीच्या वेळी घरोघर हाकारे दिले, बांध घातले, झाडे लावली, कुष्ठरोग्याला गावात घेण्यासाठी लोकांची समजूत घातली.

यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न नीटसा साधला नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण परिचारिकेला गाव बिचकत होते आणि ती गावाला. तेव्हा कल्पना पुढे आली की, गावातलीच एक बाई गावाने निवडावी आणि तिला शिकवावे. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा होत्या. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र शिकत, आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. मराठ्याची, वंजाऱ्याची, महाराची, मांगाची बाई एका गोधडीखाली! शंभर भाषणांनी जे होत नाही ते एका थंडीच्या रात्रीने होते.

त्या शिकल्या काय? हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे. बाळंतपणात हात आणि नाळ कापण्याचे पाते कसे स्वच्छ ठेवावे. मुलाचे वजन कसे घ्यावे. गरोदर बाईला कोणत्या खुणा दिसल्या तर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. अंगावरचा बधिर चट्टा म्हणजे काय असू शकते. हे ज्ञान डॉक्टरांच्या कपाटात होते. ते आता ओसरीवर आले. आठ-पंधरा दिवसांनी परिचारिका आणि समाजकार्यकर्ता यांचे पथक गावात येई, अवघड रोगी पाही, आणि त्या बाईच्या शब्दाला गावापुढे वजन देई. ही पाठराखण नसती तर गावाने तिला जुमानले नसते, हेही तितकेच खरे. महिला विकास मंडळे निघाली. शेळ्या-कोंबड्या, लहानसे कर्ज, चार पैशांचा धंदा यांतून त्या बायकांना स्वतःचा आधार मिळाला.

पाचच वर्षांत, १९७६ पर्यंत, दर हजारी १७६ चा तो आकडा ५२ वर आला, आणि शतक संपता संपता तो तिसाच्या आत गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यकार्याच्या निवडक उदाहरणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा जेथे झाली ती अल्मा-आटाची परिषद १९७८ ची. त्या परिषदेच्या मागे जगातील जी थोडी ठिकाणे उभी होती, त्यांत आपला हा तालुका होता.

१९८८ साली वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्य-कार्यकर्तीने भाषण केले. सभागृहात झगमगणारी झुंबरे होती. त्या आशयाने असे म्हणाल्या की, झुंबर सुंदर खरे. पण ते पाहावयाला दूरवर यावे लागते, ते महाग असते, आणि एका झुंबराने दुसरे पेटत नाही. मग त्यांनी साध्या वातीचे दिवे काढले आणि एकावरून दुसरा लावून दाखविला. तज्ज्ञांचे ज्ञान आणि गावातल्या बाईचे ज्ञान यांतला फरक इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखविला असेल.

श्रोतेहो, येथवरची कथा ऐकून मन प्रसन्न होते. परंतु इतिहासकाराचे काम प्रसन्नतेपाशी थांबत नाही. जामखेडचा प्रयोग निव्वळ लोकांच्या बळावर झाला असे म्हणणे खरे होणार नाही. त्यामागे दोन असामान्य डॉक्टरांचे आयुष्य होते, एक चालते रुग्णालय होते, आणि परदेशी संस्थांच्या देणग्या होत्या. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांतजी २०११ साली गेले. त्यांच्या पश्चात काम चालू राहिले, देशोदेशीचे लोक शिकावयाला येत राहिले. पण असा प्रयोग दर तालुक्याला का झाला नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला सरकारकडे पाहावे लागते.

सरकारने ही कल्पना दोनदा उचलली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली. दरमहा ५० रुपये मानधन, आणि निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष! जामखेडने ज्या ओसरीवरच्या बाईला पुढे आणले होते, ती या योजनेत मागे पडली. योजनेचे नावही गमतीने बदलत गेले. आधी 'कार्यकर्ता', मग 'स्वयंसेवक', मग 'मार्गदर्शक'. नाव बदलण्यामागे एक हिशेब असतो. कार्यकर्ता पगार मागतो. स्वयंसेवकाने तो मागावयाचा नसतो.

दुसऱ्यांदा, २००५ साली, आशा आली. हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच, बाईच. म्हणजे जामखेडच्या पुष्कळ जवळ. मराठीत तिचे नाव ठेवले 'आशा स्वयंसेविका'. आता आपले प्रश्न लावून पाहा. काम कोणते हे कोण ठरविते? वरचे कार्यालय. नोंदवह्या किती भरावयाच्या, सर्वेक्षण कोणते, कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे वरून ठरते. निवड गावाची असते, असे कागदावर असते. आणि 'नाही' म्हणण्याची मुभा? करोनाच्या साथीत दारोदार फिरणाऱ्या त्या बायकांना विचारा. २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या तेव्हा काहींना आश्चर्य वाटले की, स्वयंसेविका संप कसा करते! मला आश्चर्य वाटले ते या आश्चर्याचे. ज्या कामात हुकूम आहे, तारीख आहे आणि वरिष्ठ आहे, ते काम नोकरीचे आहे. त्याला सेवेचे नाव देऊन मोबदला कमी करणे म्हणजे जुन्या वेठीला धुतलेले कपडे घालणे होय. १९७२ च्या दुष्काळातून आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा घडविला आणि खडी फोडणाऱ्याची मजुरी हा त्याचा हक्क ठरविला. मग आरोग्य सांभाळणारीची मजुरी तेवढी पुण्यकर्म कशी?

हाच पेच जपानातही आहे. तेथे 'मिनसेई-इन' नावाचे लोककल्याण-सेवक वस्तीवस्तीत असतात. १९१७ साली ओकायामा प्रांतात गरिबांच्या विचारपुशीसाठी ही प्रथा सुरू झाली, १९४८ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. त्यांना पगार नसतो. मुदत तीन वर्षांची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची चौकशी, अडलेल्या कुटुंबाला सरकारी मदतीची वाट दाखविणे, अशी त्यांची कामे. परंतु कामाचा बोजा वाढत गेला, सेवक स्वतःच वृद्ध झाले, आणि मुदत संपली तरी जागा घ्यावयाला नवा माणूस मिळेना. कार्यालयाची कामे सेवकाच्या गळ्यात पडत गेली की सेवा आटते, हा त्यातला धडा.

याच्या उलट बाजूही जपानने दाखविली. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहर भूकंपाने हादरले. सहा हजारांवर माणसे गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली, त्यांतील बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढले. त्यानंतरच्या वर्षभरात सुमारे तेरा लाख लोक आपण होऊन मदतीला आले. कोणी आदेश काढला नव्हता. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा; तेव्हाही मराठवाड्याच्या मदतीला गावोगावचे लोक असेच धावले होते. पण जपानने पुढे एक पाऊल टाकले. लहान स्वयंसेवी मंडळांना कायदेशीर अस्तित्व मिळणे तेथे फार कठीण होते. १९९८ साली नवा कायदा करून ती वाट मोकळी केली. आपल्याकडे संस्थानोंदणीचा कायदा १८६० पासून आहे. सार्वजनिक सभा पुण्यात १८७० साली स्थापन झाली आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती याच मोकळिकीत. आपण आज ज्या परंपरेत बसलो आहोत ती परंपरा नागरिकांनी, सरकारचा हुकूम नसताना, चालविलेली आहे. कायद्याचा आधार आपल्याला जपानच्या शंभराहून अधिक वर्षे आधी मिळाला. त्याचा उपयोग आपण किती केला, हा हिशेब आपला आपण करावयाचा.

मग श्रमदान करूच नये काय? असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी श्रमदानाने माळरानांचे रूप पालटले. परंतु हिवरे बाजारचे यश नुसत्या फावड्याचे नाही. उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही, शेतीसाठी कूपनलिका खोदावयाच्या नाहीत, असे निर्णय तेथे ग्रामसभेत बसून झाले. फावड्याच्या आधी निर्णय आला, म्हणून फावड्याला अर्थ आला. आणि जेथे भूमिहीन मजूर दुसऱ्याच्या शेताला पाणी मिळावे म्हणून फुकट माती वाहतो, तेथे त्या पाण्यात त्याचा वाटा काय, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नसेल तर तो घाम दानाचा नाही, वेठीचा आहे. भोवती ताशे वाजत असले तरीही.

शेवटी आपल्या शहराविषयी. खेड्याला घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ पासून, ग्रामसभेचे स्थान दिले आहे. ती नीट भरो वा न भरो, गावच्या माणसाला उठून प्रश्न विचारण्याची एक हक्काची जागा आहे. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवर लोकवस्ती असलेल्या शहरांसाठी. जामखेडसारखे लहान शहर नेमके मध्ये सापडते: खेडे राहिले नाही म्हणून ग्रामसभा गेली, आणि मोठे शहर झाले नाही म्हणून प्रभाग समितीची सक्ती नाही. नागरिकाला पाच वर्षांतून एकदा मत, आणि मधल्या काळात झाडू घेऊन स्वच्छतेच्या दिवशी छायाचित्रापुरते उभे राहणे, एवढाच सहभाग उरला तर तो कोणाला पुरेल?

ही उणीव भरून काढावयाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक आळीने महिन्यातून एकदा बसावे. बसताना चौथा प्रश्न आधी विचारावा: येथे कोण आलेले नाही? सफाई कामगार आला आहे काय, भाड्याच्या खोलीत राहणारी ऊसतोड्याची बायको आली आहे काय, ज्यांची वस्ती नळाच्या शेवटच्या टोकाला आहे ते आले आहेत काय? ते आले नसतील तर बैठक त्यांच्या वस्तीत घ्यावी. पंप जसा तेथे नेला होता, तशी. मग काम ठरवावे. ते कोणी करावयाचे हे करणाऱ्यांना विचारून ठरवावे. आणि जे काम नगरपालिकेचे आहे, त्याचा जाब नगरपालिकेला विचारावा. ते काम फुकट अंगावर घेऊन पालिकेला मोकळे सोडणे ही नागरिकसेवा नव्हे.

खर्ड्याच्या मैदानावर १७९५ साली मराठी सरदार शेवटचे एकत्र आले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याच तालुक्यात पावणेदोनशे वर्षांनंतर काही निरक्षर बायका एका गोधडीखाली एकत्र आल्या आणि त्यांच्या गावांतील मुले जगू लागली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पहिल्या गोष्टीत सरदारांची नावे आहेत. दुसरीतल्या बहुतेक बायकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ती आपल्या आळीत, आपल्या नात्यात असू शकतील. त्यांतील ज्या आज हयात आहेत, त्यांना पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर बोलवावे आणि आपण समोर बसून ऐकावे, अशी चालकांना माझी विनंती आहे.